कार, मोटरसायकल आणि बॅगेसाठी एकच छोटा जीपीएस ट्रॅकर? आधी वीज कुठून येणार ते ठरवा

प्रश्न असा आहे: कार, मोटरसायकल आणि प्रवासातली बॅग, तिन्हींना चालेल असा एकच काडेपेटीएवढा जीपीएस ट्रॅकर घ्यायचा आहे. लोकेशन लाइव्ह दिसावं, बॅटरी महिनाभर टिकावी आणि गाडी चोरीला गेली तर सापडावी. कोणता घ्यावा, आणि घेताना काय तपासावं?

हे सगळं एका काडेपेटीत बसत नाही. अडचण जीपीएसची नाही, विजेची आहे. म्हणून ब्रँड, ॲप, आकार सगळं जरा बाजूला ठेवा आणि पहिल्यांदा हे ठरवा, की या डबीला वीज गाडीच्या बॅटरीतून मिळणार की तिच्या स्वतःच्या पोटातल्या बॅटरीतून. एवढं ठरलं की बाजारातला बराचसा माल आपोआप यादीतून गळतो.

जीपीएसचे उपग्रह साधारण २०,२०० किलोमीटर उंचीवरून नुसते बोलत असतात. तुमची गाडी त्यांना दिसत नाही. ट्रॅकर त्यांचं ऐकतो, स्वतःचं ठिकाण स्वतः काढतो आणि मोबाइल नेटवर्कवरून सर्व्हरला कळवतो. पाठवण्याच्या क्षणी सगळ्यात मोठा झटका बसतो. २जी नेटवर्कवर तर क्षणभर २ अँपिअरपर्यंत करंट ओढला जातो. छोटी, जुनी झालेली बॅटरी हा झटका सोसू शकत नाही, तिचा व्होल्टेज कोसळतो आणि ट्रॅकर रीस्टार्ट होतो. ॲपमध्ये ३० टक्के चार्ज दिसत असताना ट्रॅकर मध्येच गायब होत असेल तर संशय आधी बॅटरीवर घ्यावा.

आता हिशेब करू. काडेपेटीच्या आकारात फार तर १००० मिलिअँपिअर-अवरची बॅटरी मावते. ट्रॅकर सतत जागा राहून दर १०-२० सेकंदांनी लोकेशन पाठवत असेल तर सरासरी ५० मिलिअँपिअर धरा. १००० भागिले ५० म्हणजे २० तास. लाइव्ह ट्रॅकिंगचं वास्तव एवढंच आहे. तोच ट्रॅकर तासातून एकदा मिनिटभर जागा झाला, त्या मिनिटात ८० मिलिअँपिअर खाल्ले आणि उरलेला वेळ ०.१ मिलिअँपिअरवर झोपला, तर एका जागेपणाचे १.३३ मिलिअँपिअर-अवर, दिवसाचे २४ वेळा मिळून ३२, झोपेचे अडीच, म्हणजे रोजचे सुमारे ३५. बॅटरी २८ दिवस पुरली. खोक्यावरचे ‘३० दिवस’ खोटे नसतात, पण ते तासाला एक लोकेशन किंवा त्याहून कमी या बोलीवरचे असतात. विक्रेत्याला ‘बॅटरी किती दिवस टिकते?’ असं विचारू नका. ‘किती मिनिटांनी लोकेशन पाठवताना किती दिवस टिकते?’ असं विचारा. याचं सरळ उत्तर मिळालं नाही तर दुसरं मॉडेल बघा.

या हिशेबातलं ते एक मिनिट कुठे जातं तेही समजून घ्या. ठिकाण काढायला ट्रॅकरला प्रत्येक उपग्रहाच्या कक्षेची ताजी माहिती लागते. पारंपरिक जीपीएस सिग्नलवर ती सेकंदाला ५० बिट या गोगलगायीच्या वेगाने येते आणि दर ३० सेकंदांनी पुन्हा सुरू होते. ही माहिती साधारण चार तासच कामाची. म्हणजे सहा तास झोपून उठलेल्या ट्रॅकरला मोकळ्या आकाशाखालीही अर्धा मिनिट नुसतं ऐकत बसावं लागतं, आणि मध्येच एखाद्या पुलाखाली सिग्नल तुटला तर पुढच्या फेरीची वाट पाहावी लागते. ए-जीपीएस असलेला ट्रॅकर हीच माहिती मोबाइल इंटरनेटवरून क्षणात ओढून घेतो आणि काही सेकंदांत मोकळा होतो. गाडीच्या विजेवर चालणाऱ्या ट्रॅकरला ए-जीपीएस नसला तरी फारसं बिघडत नाही. स्वतःच्या बॅटरीवर चालणाऱ्याला मात्र तो हवाच. सोबत ‘शोध किती वेळाने थांबवायचा’ ही सेटिंग आहे का ते बघा. नाहीतर तळघरातल्या पार्किंगमध्ये ट्रॅकर रात्रभर आकाश शोधत बसतो आणि सकाळी बॅटरी शून्यावर.

कारसाठी माझं मत स्पष्ट आहे: वायरने जोडलेला ट्रॅकर घ्या. आत १००-२०० मिलिअँपिअर-अवरची छोटी बॅटरी असली की पुरे. चोराने गाडीची बॅटरी काढली तर ‘वीज तुटली’ हा अलर्ट आणि शेवटची काही लोकेशन्स पाठवण्यापुरतीच ती असते. इनपुट व्होल्टेज ९ ते ३६ असलेला ट्रॅकर १२ व्होल्टच्या कारला आणि २४ व्होल्टच्या ट्रकला, दोन्हींना चालतो. फक्त ‘१२ व्होल्ट’ लिहिलेला ट्रकला लावू नका.

वायरी सहसा चार असतात. लाल म्हणजे कायम चालू असलेला प्लस, काळी म्हणजे अर्थ, तिसरी इग्निशनची आणि चौथी इंजिन बंद करणाऱ्या रिलेची (रिले म्हणजे विजेने चालू-बंद होणारा स्विच). तिसरी-चौथीचे रंग कंपनीगणिक बदलतात, त्यामुळे रंगावर न जाता त्याच मॉडेलचा वायरिंगचा कागद पाहा. लाल वायर जिथून वीज घेते तिथेच, जोडापासून वीतभर अंतराच्या आत, १ किंवा २ अँपिअरचा फ्यूज हवा. ट्रॅकरजवळ लावलेला फ्यूज मधल्या वायरीला वाचवत नाही. वायर घासून चेसिसला लागली तर आग मधल्याच भागात लागते. इग्निशनची वायर अशा फ्यूजवर घ्या ज्यावर किल्ली फिरवल्यावर वीज येते आणि स्टार्टर फिरतानाही टिकते. काही फ्यूज स्टार्टर मारताना क्षणभर मरतात. तसा फ्यूज मिळाला तर प्रत्येक प्रवासाच्या सुरुवातीला ‘इग्निशन चालू, बंद, चालू’ अशी उचकी नोंदली जाते आणि ट्रिपचे रिपोर्ट बिघडतात.

वायरिंगला हात लावायचा नसेल तर ओबीडी सॉकेटमध्ये (मेकॅनिक गाडीचे दोष तपासायला यंत्र जोडतो ते) खोचायचा ट्रॅकर सोपा वाटतो. त्या सॉकेटच्या १६ क्रमांकाच्या पिनवर कायम वीज असते, ४ क्रमांकाची पिन अर्थ. लावायला दहा सेकंद लागतात आणि काढायला चोराला दोन. शिवाय त्याला इग्निशनची वेगळी वायर नसते. इंजिन चालू आहे की नाही हे तो बरेचदा व्होल्टेजवरून ताडतो: बंद गाडीची बॅटरी साधारण १२.६ व्होल्ट, चालू गाडीची १३.५ ते १४.५. हायब्रीड आणि इलेक्ट्रिक गाड्यांत ही अटकळ फसते, कारण तिथे १२ व्होल्टची बॅटरी गाडी उभी असतानाही चार्ज होऊ शकते. बॅटरी भरली की चार्जिंग कमी करणारा अल्टरनेटर (इंजिनवर फिरून वीज तयार करणारं जनित्र) असलेल्या गाड्यांतही ती फसते. हायवेवर धावणारी गाडी रिपोर्टमध्ये ‘बंद’ दिसते. काही ओबीडी ट्रॅकर गाडीच्या कॉम्प्युटरला सारखे प्रश्न विचारत राहतात आणि त्याला झोपू देत नाहीत. मग आठवडाभर उभी राहिलेली गाडी स्टार्ट होत नाही, आणि दोष मात्र गाडीच्या बॅटरीवर जातो.

बॅटरी बसण्याचा खरा धोका मोटरसायकलला आहे. कारची बॅटरी ४५ अँपिअर-अवरची धरली आणि ट्रॅकर झोपेत १० मिलिअँपिअर खात असला तर महिन्याचे ७.२ अँपिअर-अवर जातात. धडधाकट बॅटरी ते सोसते. मोटरसायकलची बॅटरी मात्र पुष्कळदा ५ अँपिअर-अवरच्या आसपास असते. तिथे हाच ट्रॅकर तीन आठवड्यांत ती कोरडी करतो, आणि सेल्फ मारण्यापुरता जीव त्याच्या बराच आधी जातो. म्हणून दुचाकीसाठी झोपेतला करंट ३ मिलिअँपिअरच्या खाली असलेलाच ट्रॅकर घ्या. बॅटरीचा व्होल्टेज ठरावीक पातळीखाली गेला की गाडीची वीज घेणं आपणहून सोडून देणारा मिळाला तर फार उत्तम.

डेटाशीटवरच्या आकड्यावर विसंबू नका, मोजा. किल्ली काढा, मल्टिमीटर १० अँपिअरच्या रेंजवर ठेवून ट्रॅकरची लाल वायर सोडवून तिच्या मधोमध (सिरीजमध्ये) जोडा आणि पाच-दहा मिनिटं गाडीला हात न लावता थांबा. ट्रॅकर झोपला की आकडा खाली येतो. मग मिलिअँपिअरच्या रेंजवर या. थेट त्या रेंजपासून सुरुवात केली तर ट्रॅकरच्या पहिल्या पाठवणीतच मीटरचा फ्यूज उडू शकतो. दहा मिनिटांनंतरही आकडा ३०-४० वरच अडकला असेल तर दोन कारणं संभवतात. मोशन सेन्सर इतका हळवा ठेवला आहे की शेजारून ट्रक गेला तरी तो जागा होतो, किंवा नेटवर्क इतकं कमजोर आहे की ट्रॅकर सतत टॉवर शोधतो आहे. पहिल्यावर सेटिंगचा उपाय चालतो, दुसऱ्यावर जागा किंवा सिम बदलावं लागतं.

दुचाकीवर पाणी आणि हादरेही आहेत. आयपी६७ म्हणजे एक मीटर खोल पाण्यात अर्धा तास. पावसाला ते भरपूर आहे, पण गाडी धुण्याच्या प्रेशर पंपाची धार ही वेगळी चाचणी असते. आयपी६७ तिची हमी देत नाही. वायरी ट्रॅकरमध्ये जिथे शिरतात ते टोक खाली ठेवा आणि वायरीला तिथे एक झोळ द्या, म्हणजे वायरीवरून ओघळणारं पाणी झोळाच्या तळाशी गळून जातं, आत शिरत नाही. सिमचा ट्रे हादऱ्याने सैल होतो. ट्रे आणि झाकण यांच्यामध्ये पातळ फोमचा तुकडा दाबून बसवला की ‘सिम नाही’ची तक्रार बहुधा मिटते.

जागेचा प्रश्न कारमध्येही तितकाच महत्त्वाचा, आणि इथे लहान आकाराची किंमत पुन्हा मोजावी लागते. जीपीएसचा अँटेना म्हणजे सिरॅमिकची चौकोनी वडी. २५ मिलिमीटरची वडी आणि १० मिलिमीटरची वडी यांच्या ऐकण्यात मोठा फरक असतो. अगदी चपटा, अंगठ्याएवढा ट्रॅकर घेतलात तर तो छोट्या वडीवर चालतो. त्याला चांगली जागा देणं मग तुमच्यावर आलं. वडीचा चेहरा आकाशाकडे हवा. ‘ही बाजू वर’ असं लिहिलेलं असतं ते त्यासाठीच. प्लास्टिक, फोम, काच, कापड यांतून सिग्नल जातो, पत्र्यातून जात नाही. डॅशबोर्डच्या प्लास्टिकखाली, पुढच्या काचेच्या अगदी जवळ ही उत्तम जागा. अपवाद उष्णता अडवणाऱ्या धातूच्या थराच्या काचा. अशा काचेत आरशाच्या मागे थर नसलेली छोटी पट्टी ठेवलेली असते. तिथे जमलं तर ठीक, नाहीतर मागच्या काचेखालची फळी बघा.

त्याच डॅशबोर्डचा एक तोटाही आहे. उन्हात बंद गाडीच्या डॅशबोर्डचा वरचा भाग ७० अंशांच्या पुढे सहज जातो, आणि साधी लिथियम बॅटरी ० ते ४५ अंशांतच चार्ज करावी असं तिचं विनिर्देश सांगतं. बॅटरी फुगून ट्रॅकरची डबी उघडल्याचं दिसलं तर तो लगेच काढा. पृष्ठभागाला चिकटवण्याऐवजी हाताच्या रुंदीएवढा खाली, हीटरच्या नळीपासून दूर, दुहेरी टेप आणि प्लास्टिक टाय अशा दोन्हींनी बांधला तर त्रास बराच कमी होतो. नुसता टेप उन्हात सुटतो. स्वस्त डॅशकॅम आणि यूएसबी चार्जर यांच्या शेजारी ट्रॅकर ठेवू नका. त्यांतला विद्युत गोंगाट जीपीएसच्या १५७५.४२ मेगाहर्ट्झवर सांडतो आणि उपग्रहांचा मुळातच क्षीण सिग्नल बुडतो. शंका आली तर डॅशकॅमची पिन काढा आणि ट्रॅकरला दिसणाऱ्या उपग्रहांची संख्या वाढते का ते बघा. उलट बाजूने, २जी ट्रॅकर स्पीकरच्या वायरीजवळ बसवला की दर पाठवणीला रेडिओत ‘टर्रर्र’ ऐकू येतं. चोरालाही तेच ऐकू येतं, हे लक्षात ठेवा.

चुंबकाने चेसिसला चिकटणारे मोठ्या बॅटरीचे ट्रॅकर गाडीखाली लावतात. वर पत्रा, खाली रस्ता, त्यामुळे ट्रॅकरला मिळतो तो जमिनीवरून उसळलेला सिग्नल. लोकेशन वीस-तीस मीटर सहज सरकतं. भाड्याच्या ट्रेलरला, कंटेनरला ते ठीक. रोजच्या कारला ती शेवटची निवड.

नेटवर्कच्या बाबतीत लोक सगळ्यात जास्त फसतात. बाजारात अजूनही २जीचे ट्रॅकर ढिगाने आहेत, कारण ते स्वस्त पडतात. पण अनेक देशांत २जी बंद झालंय. ऑस्ट्रेलियात टेल्स्ट्राने डिसेंबर २०१६ मध्ये बंद केलं, अमेरिकेत एटी अँड टीने २०१७ च्या सुरुवातीपर्यंत, सिंगापूरने २०१७ मध्ये. जिथे आज चालू आहे तिथेही नवीन ट्रॅकर २जीवर घेऊ नका. ४जीमध्ये एलटीई कॅट-१ हा साध्या उपकरणांसाठीचा कमी वेगाचा प्रकार घ्या. ट्रॅकरला लागतो त्याहून तो कितीतरी वेगवान आहे आणि साध्या ४जी टॉवरवर चालतो. एलटीई-एम हा ४जीचाच दुसरा प्रकार वीज कमी खातो, पण तुमच्या कंपनीने तो सुरू केला असला तरच उपयोगाचा. एनबी-आयओटीवर चालणारे ट्रॅकर चालत्या वाहनासाठी टाळा. एका टॉवरवरून दुसऱ्या टॉवरवर न तुटता जाण्याची सोय त्यात मुळात ठेवलेलीच नव्हती. ते तंत्रज्ञान एका जागी बसलेल्या पाण्याच्या मीटरसारख्या वस्तूंसाठी आलं. ‘४जी’ शब्दावर समाधान न मानता बँडची (ट्रॅकर कोणत्या फ्रिक्वेन्सींवर चालतो त्यांची) यादीही मागा. एका खंडासाठी बनवलेला ट्रॅकर दुसऱ्या खंडात शहरात चालतो आणि गावाबाहेर मुका होतो, कारण लांब पल्ल्याचा कमी फ्रिक्वेन्सीचा बँडच त्यात नसतो. सीमा ओलांडून प्रवास असेल तर जास्त बँडवालं मॉडेल आणि रोमिंग चालणारं सिम, दोन्ही लागतात.

सिम टाकण्याआधी ते फोनमध्ये घालून पिन लॉक काढा, इंटरनेट चालतंय का बघा आणि एपीएनचं (सिम इंटरनेटला जोडणाऱ्या सेटिंगचं) नाव लिहून घ्या. ‘ट्रॅकर ऑनलाइन येत नाही’ या तक्रारींत पिन आणि एपीएन हेच दोन गुन्हेगार वारंवार सापडतात. डेटा किती लागेल? लोकेशनची मूळ माहिती ३०-४० बाइटची, पण ती ज्या डेटाच्या पाकिटातून जाते त्याचा मथळा आणि पोच धरून प्रत्येकी २०० बाइट मोजा. दर १० सेकंदांनी म्हणजे तासाला ३६० पाकिटं, ७२ किलोबाइट. रोज दहा तास गाडी चालली तरी महिन्याला २०-२२ मेगाबाइट. डेटा प्रश्नच नाही. प्रश्न सिमची वैधता संपण्याचा आहे. गाडी चोरीला जाते त्या दिवशी सिम बंद पडून महिना झालेला असतो. रिचार्जची तारीख फोनच्या कॅलेंडरमध्ये टाका.

किती सेकंदांनी लोकेशन पाठवायचं हे ठरवताना वेगाचा विचार करा. ताशी ६० किलोमीटर म्हणजे सेकंदाला सुमारे १७ मीटर. दर मिनिटाला एक बिंदू घेतला तर दोन बिंदूंमध्ये पूर्ण एक किलोमीटर. नकाशावर गाडी शेतातून आणि इमारतींवरून गेलेली दिसते आणि वळणं कापली गेल्यामुळे अंतरही कमी भरतं. दर १० सेकंदांना १६७ मीटर पडतात, ते हायवेला पुरेसं आहे पण घाटात नाही. त्यावर उत्तर म्हणजे कोनावर आधारित नोंद: वेळ काहीही असो, दिशा २०-३० अंशांनी बदलली की एक जादा बिंदू. ही सोय असलेला ट्रॅकर ३० सेकंदांवर ठेवूनही रस्ता नीट काढतो. खोक्यावर ती मोठ्या अक्षरांत छापत नाहीत, पण माझ्या यादीत तिचा नंबर वरचा आहे. रेंज नसताना बिंदू साठवून नंतर पाठवण्याची सोयही तपासा. बोगदे, घाट, जंगल यांत तिच्याशिवाय प्रवासाचा मधला तुकडा गायब होतो.

उभी असलेली गाडी नकाशावर रात्रभर वेडीवाकडी फिरताना दिसते, आणि मालक घाबरून उठतो. इमारतींवरून उसळलेल्या सिग्नलमुळे प्रत्येक वेळी ठिकाण थोडं वेगळं निघतं, आणि रेघा जोडल्या की चांदणीसारखा गुंता तयार होतो. मोकळ्या आकाशाखाली चूक ३-५ मीटरची असते, उंच इमारतींमध्ये ती काही दहा मीटरवर जाते. मोशन सेन्सर शांत असताना ठिकाण गोठवून ठेवण्याची सेटिंग असते, ती चालू करा. जीपीएससोबत ग्लोनास, गॅलिलिओ, बायडू (रशिया, युरोप आणि चीनच्या अशाच उपग्रह यंत्रणा) ऐकणारा ट्रॅकर शहरात नक्की बरा. दोन फ्रिक्वेन्सी ऐकणारा त्याहून बरा, पण गाडी कुठल्या गल्लीत आहे एवढंच हवं असेल तर त्याच्यासाठी जादा खर्च करण्यात अर्थ नाही. आणि लोकेशन अचानक दोन किलोमीटर उडून परत येत असेल तर ते जीपीएस नव्हेच. उपग्रह न मिळाल्याने ट्रॅकरने मोबाइल टॉवरवरून काढलेला अंदाज आहे. चांगलं ॲप दोन्ही वेगळ्या चिन्हांनी दाखवतं.

जुना किंवा बरीच वर्षं गोदामात पडून असलेला ट्रॅकर कोणी दिला तर तारीख बघा. जीपीएसचा आठवड्यांचा मोजणीकाटा १०२४ आठवड्यांनी शून्यावर येतो. गेल्या वेळी तो एप्रिल २०१९ मध्ये आला. फर्मवेअर (ट्रॅकरच्या आतलं सॉफ्टवेअर) जुनं असेल तर ठिकाण बरोबर आणि तारीख जवळपास वीस वर्षं मागची, असा प्रकार दिसतो. असे बिंदू सर्व्हर टाकून देतो आणि ट्रॅकर ‘मेलेला’ वाटतो.

आता बॅग. इथे आधी दोन वेगळ्या जातींची सरमिसळ थांबवा. एअरटॅगसारख्या ब्लूटूथ टॅगमध्ये जीपीएस नसतं आणि सिमही नसतं. जवळून जाणाऱ्या इतरांच्या फोनला तो हाक मारतो आणि त्या फोनचं ठिकाण तुम्हाला कळतं. नाण्याएवढ्या सीआर२०३२ सेलवर वर्षभर चालण्याचं गुपित तेच. विमानतळ, स्टेशन, हॉटेल अशा माणसांच्या गर्दीत बॅगेसाठी याहून सोयीचं काही नाही. मात्र गाडीच्या चोरीसाठी त्याच्यावर भिस्त ठेवू नका: अनोळखी टॅग आपल्यासोबत फिरतोय अशी सूचना चोराच्या फोनवर येते, तशी ती यावी म्हणूनच व्यवस्था केलेली आहे. निर्जन रस्त्यावर तर हाक ऐकायला फोनच नसतो.

विमानाच्या पोटात जाणाऱ्या बॅगेत सिमवाला ट्रॅकर ठेवायचा असेल तर बॅटरीची मर्यादा आडवी येते. चालू राहणाऱ्या ट्रॅकरसाठी विमान वाहतुकीच्या नियमांत लिथियम-आयन २.७ वॉट-अवरपर्यंत किंवा लिथियम धातू ०.३ ग्रॅमपर्यंत अशी सीमा आहे. सीआर२०३२ मध्ये ०.१ ग्रॅमच्या आसपास लिथियम असतं, तो बिनधास्त जातो. २.७ वॉट-अवर म्हणजे ३.७ व्होल्टला सुमारे ७३० मिलिअँपिअर-अवर; म्हणजे १००० वाला छोटा ट्रॅकरसुद्धा सीमेबाहेर गेला. तो केबिनमध्ये सोबत न्या, आणि विमान कंपनीचा स्वतःचा नियम आधी वाचा.

मोबाइलची रेंजच नसलेल्या डोंगर-वाळवंटांत जायचं असेल तर वरचं काहीच कामाचं नाही. तिथे उपग्रहावरून संदेश पाठवणारं उपकरण लागतं, उदाहरणार्थ इरिडियमच्या ६६ उपग्रहांच्या जाळ्यावर चालणारं. त्याला दरमहा वर्गणी लागते आणि काही देशांत परवान्याशिवाय ते जवळ बाळगणं हाच गुन्हा ठरतो. सामान भरण्याआधी तिथला कायदा तपासा.

चोरीसाठी इंजिन बंद करणारा रिले घ्यावा का? बसवायचा तर नीट, नाहीतर नको. रिले इंधन पंपाच्या वायरीत घाला, इग्निशनच्या मुख्य वायरीत कधीच नाही. धावत्या गाडीचं इग्निशन तुटलं तर पॉवर स्टिअरिंग आणि ब्रेकची मदत जाते. ३० आणि ८७ए या पिना वापरा, म्हणजे रिलेला वीज नसताना पंप चालू राहतो आणि ट्रॅकर बिघडला तरी गाडी रस्त्यात अडकत नाही. ८५ आणि ८६ या कॉइलच्या पिनांवर १एन४००७ डायोड लावा, पट्टीची बाजू प्लसकडे. नाहीतर कॉइल सुटताना उसळणारा व्होल्टेज ट्रॅकरचं आउटपुट जाळतो. वेग ताशी २० किलोमीटरच्या खाली आल्यावरच आदेश अमलात आणणारा ट्रॅकर घ्या आणि पहिली चाचणी उभ्या गाडीवर करा.

रिले म्हटला की पासवर्ड आलाच. जुलै २०२२ मध्ये अमेरिकेच्या सिसा या सायबर सुरक्षा संस्थेने मायकोडस कंपनीच्या एमव्ही७२० या ट्रॅकरमधल्या त्रुटी जाहीर केल्या. सगळ्या ट्रॅकरना चालणारा एकच मास्टर पासवर्ड त्यात कायमचा कोरलेला होता, आणि परक्या माणसाला इंधन तोडण्याचा आदेशही देता येण्याजोगा होता. म्हणून ट्रॅकर हातात आला की ‘१२३४५६’ हा पासवर्ड ॲपमधला आणि एसएमएस आदेशांचा, दोन्ही ठिकाणी बदला. आदेश फक्त तुमच्या नंबरवरून स्वीकारण्याची सोय असेल तर ती चालू करा. सर्व्हरचा पत्ता बदलता येतो का हेही विकत घेण्याआधी विचारा. बदलता येत असेल तर कंपनीचं ॲप बंद पडलं तरी ट्रॅकर ट्रॅककारसारख्या मुक्त सॉफ्टवेअरच्या सर्व्हरवर वळवता येतो. नसेल तर कंपनी बुडाली त्या दिवशी ट्रॅकरही कचऱ्यात. आणि गाडी दुसरं कोणी वापरत असेल तर त्याला ट्रॅकरबद्दल सांगा. न सांगता माणसाचा माग काढणं बऱ्याच ठिकाणी बेकायदा आहे.

सराईत चोर सिग्नल दाबून टाकणारा जॅमर घेऊन येतो किंवा पहिल्या दहा मिनिटांत डॅशबोर्ड उचकटून ट्रॅकर काढतो. त्याच्यावर उतारा एकच: दुसरा ट्रॅकर, वायरीविना, दिवसातून एकदाच मिनिटभर जागा होणारा, न चार्ज होणाऱ्या लिथियम सेलचा. झोपलेला असताना तो काहीच पाठवत नाही, त्यामुळे सिग्नल शोधणाऱ्या यंत्रालाही सापडत नाही. लाइव्ह काही दाखवत नाही, पण जॅमर बंद झाल्यानंतरच्या सकाळी पत्ता सांगतो.

म्हणून तुमच्यासाठी माझी निवड अशी. कारला कॅट-१ चा, ९ ते ३६ व्होल्टचा, कोनावर नोंद घेणारा वायरवाला ट्रॅकर. मोटरसायकलला त्याच जातीचा, पण ३ मिलिअँपिअरखाली झोपणारा आणि आयपी६७. बॅगेला ब्लूटूथ टॅग. तिन्हींवर एकाच ठिकाणाहून नजर ठेवायचीच असेल तर एकाच सर्व्हरला जोडता येणारे दोन वायरवाले ट्रॅकर आणि बॅगेत तासाला एक लोकेशन देणारा छोटा ट्रॅकर.

बसवण्याआधी ट्रॅकर एक दिवस नुसता खिडकीत ठेवून चालवा. दुसऱ्या दिवशी पॅनल न लावता, टेपने तात्पुरता अडकवून नेहमीच्या रस्त्याने फिरवा: एक पूल, एक तळघर, एक रेंज नसलेला पट्टा. परत आल्यावर रेंज नसलेल्या पट्ट्यातले बिंदू उशिरा का होईना आलेत का, आणि किल्ली काढल्यावर ‘इग्निशन बंद’ मिनिटभरात दिसलं का, हे पाहा. दोन्ही जमलं की मगच डॅशबोर्डचे क्लिप परत दाबा.